न थरथरणारा हात

गारबाबाने खुर्चीच्या पाठीवर मान टाकली, डोळे मिटले आणि भरल्या सभागृहासमोर गळा उघडा करून सांगितलं, "चालव वस्तरा."

सभागृह तुडुंब भरलं होतं. खुर्च्या संपल्या म्हणून लोक भिंतीला टेकून उभे होते, जिन्यावर बसले होते, मागच्या दारात एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होते. खालच्या मजल्यावर फर्निचरचं दुकान होतं. छत कोसळेल या धास्तीने तिथला मालक तावातावाने वर आला होता, पण वर येऊन तोही आ वासून उभा राहिला. कारण वस्तरा उस्तादच्या हातात होता, आणि उस्तादचा हात थरथरतो हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

उस्ताद हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं सलून होतं, आणि त्याच्या वस्तऱ्याखाली खुशाल डुलक्या काढणाऱ्या गिऱ्हाइकांनीच त्याला ते नाव दिलं होतं. मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. थोरल्या बहिणीने आपली एक काढून दिली आणि तो वाचला. वाचला, पण इस्पितळातून येताना हातात कंप घेऊन आला. कामावर परतल्यावर थोड्याच दिवसांत एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाखाली वस्तरा लागला. गिऱ्हाईक भलं होतं. त्याने तुरटी फिरवून घेतली, काही बोललं नाही, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या सलूनमध्ये गेलं. तेव्हापासून उस्तादने वस्तरा कारागिराच्या हाती दिला आणि स्वतः दाराशी स्टुलावर बसून पेपर वाचू लागला. पेपरही हातात थरथरायचा, म्हणून तो मांडीवर पसरून वाचायचा.

तोच उस्ताद आता गारबाबाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवत होता. हनुवटीखालून एक सरळ ओढ, मग दुसरी, मग कंठाच्या उंचवट्याभोवतीची ती अवघड गोलाई. फेस निघून गेला आणि खाली स्वच्छ कातडी राहिली. रक्ताचा थेंब नाही. उस्तादने हात सगळ्यांना दिसेल असा समोर धरला. हात भिंतीतल्या खुंटीसारखा स्थिर होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी रडत होत्या.

"बघा," बाबा गळा पुसत उठला. आवाज खालच्या पट्टीतला, मधाळ. "डॉक्टरांनी याला जन्मभराचं विष बांधून दिलं होतं. सकाळी विष, संध्याकाळी विष. त्या विषाची आग हातातून बाहेर पडत होती, तिला हे लोक कंप म्हणत होते. मी याला काय दिलं? काही नाही. मी देत नाही, मी घेतो. याची आग मी माझ्या हातात घेतली. आणि आगीचं काय करायचं ते माझा हात जाणतो." एवढं बोलून त्याने उजवा तळवा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या गालाला लावला. म्हातारा शहारला. हात खरोखरच गारेगार होता. त्यावरूनच लोकांनी बाबाला हे नाव दिलं होतं.

गारबाबा पैसे घेत नसे. त्याच्या हाताने निवलेलं पाणी तेवढं बाटल्यांत भरून दाराशी विकायला ठेवलेलं असे, आणि तेही म्हणे लोकांच्या आग्रहाखातर. व्यासपीठावर एक भलीमोठी काचेची बरणी होती. लोक आपापल्या गोळ्या आणून तिच्यात टाकत. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी गोळ्यांनी ती निम्म्याच्या वर भरली होती, आणि तिच्यावर बाबाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "विष". उस्तादच्या कॅप्सूलही तिच्यातच पडल्या होत्या.

तो पहिल्यांदा आला होता तेव्हा दाराशी एका गोड बोलणाऱ्या बाईने त्याला बसवून घेतलं होतं. आजार कोणता, औषध कोणतं, आणि औषधाने त्रास काय होतो, असं सगळं तिने आपुलकीने विचारलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ती जास्त लक्ष देऊन ऐकत होती, पण ते त्याला तेव्हा जाणवलं नाही. मग बाबाने त्याचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि सांगितलं, "आजपासून विष बंद. माझं पाणी पी. पंधरवड्याने ये आणि वस्तरा घेऊन ये." उस्ताद घरी गेला. बायकोने रोजच्यासारखी कॅप्सूल आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्याने पाणी प्यायलं आणि कॅप्सूल मुठीत लपवली. आठवडा सरायच्या आत एके सकाळी तो सुईत दोरा ओवून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायको म्हणाली, "औषध अंगी लागलं बघा शेवटी." तो हो म्हणाला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण उस्तादने ती कुणालाच सांगितली नव्हती. दाढी करताना बाबाचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि त्याच्या बाहीचं टोक ओलं होतं. ओल्या कातडीवर ज्याचं पोट चालतं त्याच्या नजरेतून ओल सुटत नाही. शेजारच्या टेबलावरचं मखमली कापड जरा सरकलेलं होतं, आणि त्याखाली बर्फाचा डबा होता. उस्तादला तो स्वच्छ दिसला. मग त्याने स्वतःला समजावलं की हात गार करायला बर्फ लागत असेल तर लागू दे, माझा हात तर खरा थांबला आहे. माणूस एकदा स्वतःला समजवायला बसला की फार हुशारीने समजावतो.

दुसऱ्या दिवसापासून सलूनमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. कारागीर पुन्हा मशीन आणि कैचीवर गेला आणि वस्तरा मालकाकडे आला. दाढी करता करता उस्ताद हकीकत सांगे. सलूनच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. गळ्यावर वस्तरा असताना कोण वाद घालणार? प्रत्येक खेपेला हकीकतीला थोडं तिखटमीठ लागे. गारबाबाने नेमका सलूनवालाच का निवडला, हे उस्तादला पुढे फार उशिरा उमगलं. बातमी पसरवायला बाजारात याहून चांगली जागा नव्हती.

समोरच्या दुकानातली शिवणवाली काकू एका दुपारी सलूनच्या दारात येऊन उभी राहिली. सांधेदुखीने तिची बोटं सकाळी वळायची नाहीत, अंगावर चट्टे उठायचे. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि बोटं वळू लागली, मशीन पुन्हा चालू झालं. पण चेहरा फुगत फुगत गोल झाला. इतका, की ब्लाउजचं माप बघायला बायका ज्या आरशासमोर उभ्या राहत त्या आरशावर तिने चादर टाकून ठेवली होती. गिऱ्हाईक आलं की ती चादर काढायची आणि स्वतः बाजूला व्हायची.

"काय रे," तिने खालच्या आवाजात विचारलं, "तुझ्या गोळ्या आणि माझ्या गोळ्या एकाच घरातल्या ना? डॉक्टर म्हणत होते, शरीराची भांडण्याची ताकद कमी करणाऱ्या. मग तुला जमलं ते मला जमेल?"

उस्तादच्या हातात वस्तरा होता आणि खुर्चीत गिऱ्हाईक होतं. त्याने मान वर न करता सांगितलं, "जमेल की, काकू. न जमायला काय झालं?"

काकू हसली. फार दिवसांनी हसली असावी. पुढे हे बोलणं आठवलं की उस्तादला वाटे, आपली जीभ तेव्हाच झडून का गेली नाही.

ताईला त्याने काही सांगितलं नव्हतं. ताई म्हणजे किडनी देणारी थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे तिचं इस्त्रीचं दुकान होतं आणि दिवसभर ती गरम इस्त्रीपुढे उभी असे. पण बाजारातली बातमी कपड्यांच्या गाठोड्यांबरोबर तिच्यापर्यंत पोचलीच. कुणी गारबाबाचं नाव घेतलं नाही, एवढंच सांगितलं की उस्तादचा हात बरा झाला, परत वस्तरा धरला. ताईला आनंद झाला. किडनी दिलेल्यांचीही अधूनमधून तपासणी असते, त्यासाठी ती इस्पितळात गेली तेव्हा तिने हरखून दोघांनाही तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "तुमचं औषध पावलं हो. भावाचा हात अगदी थांबला."

डॉक्टरीणबाई काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "थांबला? म्हणजे आधी थरथरत होता? मी तर डोस बदललेला नाही. त्यांना आजच्या आज घेऊन या."

ताई सलूनमध्ये आली तेव्हा उस्ताद एकाचे कल्ले नीट करत होता. ती बाकावर बसली आणि त्याचा हात बघत राहिली. तोंडावर आनंद नव्हता. काम संपताच ती म्हणाली, "पुढचं गिऱ्हाईक घेऊ नकोस. चल."

"कुठे?"

"चल तर."

वाटेत बसमध्ये तिने एकदाच विचारलं, "गोळ्या घेतोयस ना?" आणि तो म्हणाला, "घेतो की, दोन्ही वेळ." तिने पुन्हा त्याच्या हाताकडे बघितलं. तिला खरं काय ते कळलं आहे असं त्याला वाटलं, आणि त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं. त्यांनाही त्याने तेच सांगितलं. खोटं बोलताना त्याचा आवाज अगदी सरळ होता.

"हात पुढे करा," त्या म्हणाल्या. "दोन्ही. बोटं फाकवा."

त्याने हात पुढे केले. हात जराही हलत नव्हते. इतके दिवस ज्या स्थिर हाताची त्याने बाजारभर फुशारकी मारली होती, तोच हात आता त्याच्या डोळ्यांसमोर त्याला खोटा पाडत होता. तो थोडा तरी थरथरावा म्हणून उस्तादने मनातल्या मनात आटापिटा केला. मुद्दाम हलवावा का, असंही त्याला वाटलं, आणि त्या विचाराचीच त्याला शरम वाटली. ताई त्याच्या शेजारी बसली होती. त्याला मान वळवून तिच्याकडे बघता आलं नाही.

"कधीपासून बंद आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्याने सांगितलं. गारबाबा, बरणी, पाणी, सगळं सांगितलं. लघवी कमी झाली होती, पावलं थोडी सुजत होती, तेही आता सांगितलं. इतके दिवस त्याने ती सूज बुटांवर ढकलली होती.

रक्ताची तपासणी झाली. सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून बघितला. शरीराने ताईची किडनी नाकारायला सुरुवात केली होती. उस्तादला त्याच दिवशी खाटेवर घेतलं आणि शिरेतून भारी औषधं सुरू केली. त्या खाटेशेजारी स्टूल ओढून डॉक्टरीणबाईंनी त्याला जे सांगितलं, ते त्याला आधीही एकदा सांगितलं गेलं होतं. तेव्हा त्याने मान डोलावली होती, ऐकलं नव्हतं.

"ताईला तुम्ही आपली म्हणता," त्या म्हणाल्या. "तुमचं रक्त नाही म्हणत. आत पहारेकरी असतात. जंतू दिसला की मारायचा, परकं दिसलं की मारायचं, एवढंच त्यांना कळतं. ही किडनी त्यांच्या लेखी परकी आहे, आणि मरेपर्यंत परकीच राहणार. ही कॅप्सूल त्या पहारेकऱ्यांना दमात ठेवते. काही लोकांत पहारेकरी आपल्याच सांध्यांवर, आपल्याच कातडीवर उठतात. त्यांनाही याच जातीची औषधं देतो."

"मग हात का थरथरतो?"

"कारण औषध फुकट काम करत नाही. याने हात थरथरतो, रक्तदाब चढतो, साखर वाढते, पहारा ढिला पडला म्हणून सर्दीपडसं लवकर जडतं. दुसऱ्या एका औषधाने चेहरा गोल होतो, आणि ते एकदम सोडलं तर माणूस कोसळतो. आम्हाला हे माहीत असतं. म्हणून तर रक्त तपासून डोस कमीजास्त करतो, कधी औषध बदलतो. पण आपल्या मनाने बंद केलं तर काय होतं? सगळ्यात आधी त्रास बंद होतो. हात थांबतो, माणसाला बरं वाटतं, लोक टाळ्या वाजवतात. आणि त्याच वेळी आत किडनी मरत असते. ती दुखत नाही, ओरडत नाही. तुमच्या त्या बाबाने आजार बरा केला नाही. औषध बंद करून औषधाचा त्रास बंद केला. हे कुणालाही जमेल, मलाही जमेल. फक्त मला त्यानंतर काय होतं तेही माहीत आहे."

उस्तादला दारातल्या त्या गोड बोलणाऱ्या बाईचा तिसरा प्रश्न आठवला. औषधाने त्रास काय होतो? म्हणजे ती बाई नुसती आजारी माणसं निवडत नव्हती. ज्यांचा त्रास डोळ्यांना दिसतो आणि औषध सोडलं की डोळ्यांदेखत जातो, अशी माणसं निवडत होती. त्यांना व्यासपीठावर नेत होते, बाकीच्यांना पाण्याची बाटली देऊन वाटेला लावत होते.

"हाताचं मला एकदाही का सांगितलं नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जीव वाचवलात. वर हाताची काय तक्रार करायची?"

त्यांनी केसपेपर मिटला. मग म्हणाल्या, "तुम्ही काय काम करता, हे मीही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मार्ग काढता आला असता. ती चूक माझी."

ताई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. पंखा जोरात वाटला म्हणून तिने त्याच्या पायांवर पांघरूण ओढलं. त्याला वाटलं, हिने एक मुस्कटात ठेवून दिली तर मी हिचे पाय धरीन.

किडनी वाचली. पहिल्यासारखी नाही, काही भाग कायमचा गेला, पण जी उरली ती काम करत होती. कॅप्सूल परत सुरू झाली आणि तिच्याबरोबर कंपही परत आला, आधीपेक्षा जास्त. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं की सध्या गर्दीत जायचं नाही, गेलात तर तोंडावर मास्क हवा. उस्ताद हो म्हणाला आणि सलूनच्या दारात पोचला. समोर शिवणवालीचं दुकान बंद होतं.

"काकू सभागृहात गेल्यात," कारागिराने सांगितलं. "आज त्या गोळ्या बरणीत टाकणार आहेत. तुमच्यामुळेच धीर आला म्हणत होत्या."

उस्तादने मास्क चढवला, वस्तऱ्याची पेटी घेतली आणि निघाला. ताई त्याला घरी पोचवायला आली होती, तीही न विचारता त्याच्या मागे गेली.

सभागृहात गर्दी होतीच. काकू व्यासपीठावर बरणीपुढे उभी होती, मुठीत गोळ्यांची पट्टी. बाबा सांगत होता, "हिचा चेहरा बघा. हा आजार नाही, हे साठलेलं विष आहे. पंधरवड्याने हिला बघा, ओळखणार नाही तुम्ही." तेवढ्यात त्याला उस्ताद दिसला आणि त्याचा चेहरा खुलला. "या, या. आमचा जिवंत पुरावा आला."

उस्ताद वर चढला. खुर्ची मागच्या वेळचीच होती. त्याने पेटी उघडली, वस्तऱ्याला नवं पातं लावलं. पातं लावतानाच बोटं थरथरू लागली आणि पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. त्याने हात वर धरला. इस्पितळात जाण्याआधीपेक्षाही तो जास्त हलत होता. त्या हाताची त्याला पूर्वी इतकी लाज वाटायची, की बाजारातून जाताना तो खिशात घालून चालायचा. आज सगळ्यांसमोर तो धरून ठेवणं त्याला जड गेलं, पण त्याने धरून ठेवला.

"पुन्हा विष खाल्लंस," बाबा खेदाने म्हणाला.

"खाल्लं. आज सकाळीच खाल्लं. आता घ्या ना आग शोषून. मागे घेतली होतीत तशी. हात लावा आणि लगेच खुर्चीत बसा."

"तसं लगेच होत नाही. आधी विष बंद—"

"विष बंद केलं की हात आपोआप थांबतो, बाबा. त्याला तुमचा हात कशाला हवा? तुमच्या हाताचं काय काम आहे ते बघायचंय. लावा आणि बसा."

बाबाने त्याचा हात हातात घेतला, डोळे मिटले, पुटपुटला. हात सोडला तेव्हा तो तसाच थरथरत होता. उस्तादने खुर्चीवरचं कापड झटकलं आणि उघड्या वस्तऱ्याने खुर्ची दाखवली. बाबाने खुर्चीकडे बघितलं, वस्तऱ्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरकला.

"बसा की, बाबा," मागून फर्निचरवाला म्हणाला. "मागच्या वेळी तर एवढे ऐटीत बसला होतात."

"आज माझं मौन आहे," बाबा मोठ्याने म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं हसले. उस्तादला हसू आलं नाही. त्याने टेबलावरचं मखमली कापड ओढलं. खालचा बर्फाचा डबा पुढच्या रांगेला दिसला, मागचे उठून बघू लागले.

"हा बर्फ मला त्या दिवशीही दिसला होता," उस्ताद म्हणाला. त्याला बोलायची सवय होती, पण खुर्चीतल्या एका माणसाशी. एवढ्या लोकांपुढे त्याचा आवाज चिरकत होता. "दिसला आणि मी गप्प बसलो, कारण टाळ्या मला वाजत होत्या. माझा हात थांबला होता, पण बाबामुळे नाही. गोळ्या बंद केल्या म्हणून थांबला. तिकडे हात थांबला आणि इकडे माझ्या ताईची किडनी जळत होती. ती तिथे उभी आहे. तिने स्वतःच्या पोटातून काढून दिली आणि मी ती या बरणीत टाकली. सलूनमध्ये बसून मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. काकू, तुम्हाला जमेल म्हणालो, तेही खोटं होतं. त्या गोळ्या एकदम सोडल्या तर तुम्ही उभ्याच्या उभ्या कोसळाल. चेहऱ्याचं डॉक्टरांना सांगा, ते डोस हळूहळू उतरवतील. बरणीला सांगू नका."

काकू बराच वेळ मुठीतल्या पट्टीकडे बघत राहिली. मग तिने ती ब्लाउजात खोचली आणि पायऱ्या उतरून खाली गेली. तिच्यामागून आणखी काही जण उठले. एकाने बरणीत हात घालून आपल्या गोळ्या शोधायला सुरुवात केली, पण सगळ्यांच्या गोळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. कोणती कुणाची ते ओळखायची काही सोय नव्हती. त्या माणसाचा रडवेला चेहरा उस्तादच्या मनातून पुढे कधी गेला नाही. त्याला त्याने तिथूनच डॉक्टरांकडे पाठवलं.

गारबाबाने गाव सोडलं. सगळे शहाणे झाले असं मात्र नाही. उस्तादची श्रद्धा कमी पडली म्हणून कंप परत आला, असं म्हणणारे अजून आहेत. त्यातले दोघं उस्तादच्याच सलूनमध्ये केस कापतात.

वस्तरा आता कायमचा कारागिराकडे आहे. उस्ताद मशीन चालवतो. मशीनला थोडी थरथर चालते. पुढे डॉक्टरीणबाईंनी डोस जरा उतरवला, कंपही थोडा उतरला, पण गेला नाही. गिऱ्हाईक आरशातून त्याच्या हाताकडे बघतं आणि विचारतं. तो आता हात लपवत नाही. तो म्हणतो, "औषधाने होतं. औषधाचा त्रास होत असेल तर ज्याने औषध दिलं त्याला विचारा. कुणी चमत्काराने बरं वाटलं म्हणालं तर त्याला विचारा, आत काय चाललंय ते तपासून घेतलंस का? बरं वाटणं आणि बरं असणं या दोन गोष्टी आहेत. मला त्या वेगळ्या कळायला माझ्या बहिणीची अर्धी किडनी लागली." मग तो मशीन सुरू करतो आणि गिऱ्हाईक गप्प होतं.

ताईने त्याला कधीच बोल लावला नाही. शेवटी एकदा त्यालाच राहवलं नाही. तिच्या दुकानात जाऊन तो म्हणाला, "ताई, रागाव तरी माझ्यावर."

"रागावून काय करू? दिलेली परत घेता येते का?" ती शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत म्हणाली. इस्त्री टेकवली, वाफ उठली. "एक कर. रोज सकाळी गोळी घेतलीस की इथून जाताना हात दाखवत जा."

तेव्हापासून तो सलूनला लांबच्या रस्त्याने जातो. इस्त्रीच्या दुकानासमोर क्षणभर थांबतो आणि रस्त्यातूनच हात वर करतो. ताई मान वर करून बघते. हात थरथरत असतो. ती मान डोलावते आणि पुन्हा कपड्यांकडे वळते.